कार्डावरची कुठली ओळ लोक वाचतच नाहीत? निवड-सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

भाडं, वेळ, सोयी अशा ओळींत प्रवासाचे पर्याय मांडलेली आठ कार्डं दाखवून आणि प्रत्येकावर एक पर्याय निवडून घेऊन झाल्यावर मी समोरच्याला विचारतो, ‘काकाजी, यातल्या कोणत्या ओळी पाहून तुम्ही ठरवलं?’ कित्येकदा उत्तर येतं, ‘भाऊ, मी तं फक्त पैसे पाहिले. बाकीचं कोण वाचते?’ हा प्रश्न ज्या सर्वेक्षणात विचारलाच जात नाही, त्याच्या अहवालात मग छापून येतं की स्टॉपवरच्या शेडसाठी प्रवासी अमुक रुपये जास्त द्यायला तयार आहेत. ज्यांनी शेडची ओळ वाचलीच नाही, त्यांच्या नावावर शेडची किंमत लागते.

या प्रकाराला संशोधनात ‘ॲट्रिब्यूट नॉन-अटेंडन्स’ म्हणतात. पर्याय निवडताना दिलेल्या माहितीतल्या काही बाबींकडे लक्षच न देणं, असा त्याचा अर्थ. नागपुरात सिटी बस, मेट्रो, पाणीपुरवठा किंवा दवाखान्यांवर निवड-कार्डांचं सर्वेक्षण करणारे विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते यात वारंवार त्याच जागी चुकतात, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. सगळीकडे एकच उदाहरण वापरतो: मानेवाड्याहून सीताबर्डीला रोज जाणारा प्रवासी आणि त्याच्यापुढे ‘प्रवास अ’ व ‘प्रवास ब’ असे दोन पर्याय. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

## टप्पा १: दुर्लक्षाची कारणं आधी वेगळी करा

लोक एखादी ओळ सोडतात तेव्हा ती का सोडतात, याची यादी कार्ड बनवण्याआधी करा. मला प्रत्यक्ष भेटलेली कारणं ही:

- खरंच फरक पडत नाही. महिन्याचा पास काढलेल्या विद्यार्थ्याला किंवा कंपनी भाडं देते अशा माणसाला कार्डावरचं तिकीट किती आहे याचं काही नसतं.
- फरक क्षुल्लक आहे. भाडं १५ आणि १७ रुपये लिहिलं, तर त्या दोन रुपयांसाठी कुणी डोकं चालवत नाही. उद्या १५ आणि ३० लिहा, तोच माणूस भाडं पाहील.
- विश्वास नाही. ‘५ मिनिटांत बस येईल’ हे वाचून लोक हसतात आणि ती ओळ मनातून काढून टाकतात.
- कार्ड झेपत नाही. बारीक अक्षरं, सात-आठ ओळी, वर ऊन.
- एकच बाब इतकी मोठी आहे की बाकीच्यांची पाळीच येत नाही. गुडघे दुखणाऱ्या काकू ‘बसायला जागा’ एवढंच पाहतात.
- प्रश्नच मान्य नाही. ‘भाडं वाढवायचं कशाला, सरकारनं द्यावं’ असं मनात ठेवून माणूस भाड्याची ओळ मुद्दाम सोडतो.

यातल्या पहिल्या कारणासाठीच त्या बाबीचं वजन शून्य धरणं योग्य ठरतं. दुसरं, तिसरं आणि चौथं कारण म्हणजे आपल्या कार्डातला दोष. तो उत्तर देणाऱ्याच्या माथी मारून विश्लेषणात शून्य लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. त्या माणसाला शेड हवी होती, आपण ती नीट दाखवली नाही.

तपासा: प्रत्येक बाबीपुढे एक वाक्य लिहा: ‘ही ओळ कोण सोडेल आणि का?’ ज्या बाबीपुढे काहीच सुचत नाही, तिच्याबद्दल आणखी चार प्रवाशांशी बोला.

## टप्पा २: बाबी आणि पातळ्या ठरवा

बाब म्हणजे कार्डावरची एक ओळ, आणि पातळ्या म्हणजे त्या ओळीत आळीपाळीने येणारे आकडे किंवा उत्तरं. बाबी पाच ठेवा. सहा चालतील, पण त्यापुढे गेलात तर कुठली ओळ गळावी हे लोक ठरवतील, तुमच्या हाती राहणार नाही. आपल्या उदाहरणात:

- भाडं: १५, २०, ३०, ४५ रुपये
- गाडीतला वेळ: २५, ३५, ५० मिनिटं
- वाट पाहणं: ५, १०, २० मिनिटं
- स्टॉपवर सावलीची शेड: आहे, नाही
- बसायला जागा: मिळेल, उभं राहावं लागेल

यांच्या एकूण जोडण्या ४ × ३ × ३ × २ × २ म्हणजे १४४ होतात. सगळ्या कुणालाच दाखवता येत नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यातल्या दोन-दोन जोडण्या समोरासमोर ठेवून २४ कार्डं बनवा आणि त्यांचे आठ-आठचे तीन गट करा. एका माणसाला एकच गट द्या.

पातळ्या ठरवताना दोन टोकांमधलं अंतर जाणवलं पाहिजे आणि तरीही ती टोकं शक्य कोटीतली वाटली पाहिजेत. वाट पाहण्याची खालची पातळी ५ ठेवायची असेल, तर कार्डाआधीच्या निवेदनात ‘गाडी कुठे आहे हे मोबाइलवर दिसेल’ असं काही कारण द्या. कारण न देता लिहिलेला चांगला आकडा लोक जाहिरात समजतात.

सवलतींचाही आधीच विचार करा. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. बुटीबोरी किंवा कामठीकडून एसटीने येणाऱ्या ताई तुमच्या कार्डावरचे ४५ रुपये मनात निम्मे करून वाचू शकतात. तुम्ही समजता त्यांना भाड्याचं वावडं नाही, आणि त्या प्रत्यक्षात वेगळाच आकडा पाहत असतात. म्हणून कार्डावर ‘तुमच्या खिशातून जाणारे पैसे’ असं लिहा. नुसतं ‘भाडं’ लिहू नका.

थांबा: पर्यायांना ‘बस’ आणि ‘मेट्रो’ अशी नावं दिलीत, तर बरेच लोक नाव पाहूनच बोट ठेवतात आणि खालच्या पाचही ओळी वाया जातात. वाहनाबद्दलची आवड मोजायची असेल तरच नाव द्या, एरवी ‘प्रवास अ’ आणि ‘प्रवास ब’ ठेवा. तिसरा रकाना ‘मी आत्ता जातो तसाच जाईन’ हा हवाच. तो नसेल तर न पटलेला माणूस नाइलाजाने कशावरही टिक करतो.

## टप्पा ३: कार्ड असं मांडा की ओळ डोळ्यांतून सुटू नये

अक्षर मोठं ठेवा. एका पानावर एकच कार्ड. जिथे दोन पर्यायांत फरक आहे ती ओळ हलक्या रंगाने भरली तर वाचणं सोपं होतं, पण मग प्रत्येक कार्डावर हाच नियम पाळा. फक्त तुमच्या आवडीच्या बाबीला रंग देणं म्हणजे बोट धरून उत्तर लिहून घेणं.

चित्रं जपून वापरा. शेडचं सुंदर चित्र आणि वाट पाहण्याचा नुसता आकडा अशी मांडणी झाली, तर चित्राची ओळ जिंकते. चित्र द्यायचं तर पाचही ओळींना, एकाच आकाराचं.

ओळींचा क्रम माणसामाणसांत बदला, पण एका माणसाच्या आठ कार्डांत तो तोच ठेवा. सर्वांना भाडं नेहमी तळाशी दिलं, तर भाडं दुर्लक्षित राहिलं की तळाची ओळ दुर्लक्षित राहिली, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही.

आठपैकी दोन-तीन कार्डांत भाडं दोन्हीकडे सारखं ठेवा. पैशांकडेच पाहणाऱ्या माणसाला तिथे दुसऱ्या ओळींकडे वळावंच लागतं आणि त्याची बाकीची पसंती उघडी होते. या एका युक्तीने मला जितकं हाताला लागलं, तितकं पुढच्या अवघड मॉडेलांनीही क्वचित दिलं आहे.

भाषेचं सांगायचं तर नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही कार्डं छापा आणि माणसाने ज्या भाषेत बोलायला सुरुवात केली तेच पुढे करा. ‘प्रतीक्षा कालावधी’ असं लिहू नका. ‘गाडीची वाट पाहणं’ लिहा. न समजलेली ओळ माणूस कबूल करत नाही, गुपचूप सोडतो.

तपासा: एखाद्या कार्डात ‘अ’ पाचही बाबतींत ‘ब’पेक्षा सरस आहे का? असलं कार्ड २४ मधून काढा, पण एक मुद्दाम वेगळं बनवून चौथ्या-पाचव्या क्रमांकावर घाला. तिथे ‘ब’ निवडणारा माणूस बहुधा वाचत नाहीये. एवढ्या एका उत्तरावर त्याला यादीतून मात्र काढू नका. नोंद ठेवा आणि बाकीची उत्तरं पाहा.

## टप्पा ४: किती माणसं?

या क्षेत्रात चालणारा ढोबळ नियम असा: ५०० गुणिले सर्वांत जास्त पातळ्या असलेल्या बाबीतील पातळ्यांची संख्या, भागिले एका माणसाला दाखवायच्या कार्डांची संख्या गुणिले कार्डावरचे पर्याय (‘आहे तसंच’ सोडून). आपल्याकडे ५०० × ४ ÷ (८ × २) म्हणजे १२५.

हा आकडा सगळे सगळ्या ओळी पाहतात असं धरून आला आहे. दहातले चार जण भाडं पाहणार नाहीत असं वाटत असेल, तर भाड्याविषयी काही सांगणारे सहाच उरतात. १२५ ला ०.६ ने भागा, सुमारे २०८ येतात. हा किमान आकडा आहे. महिला-पुरुष किंवा पासधारक-बिगरपास असे गट वेगळे दाखवायचे असतील, तर प्रत्येक गटात पुरेसे लोक लागतील.

## टप्पा ५: आधी वीस-तीस जणांवर चाचणी

ही पायरी वेळेअभावी गाळली जाते आणि पुढची सगळी मेहनत मातीत जाते. चाचणीत माणसाला कार्ड द्या आणि ‘मनात जे येतंय ते मोठ्याने बोला’ असं सांगा. तुम्ही गप्प राहा. ‘हे १५ आहे, हे ३०... नाही बाप्पा, तीस नाही,’ एवढं बोलून त्याने बोट ठेवलं की समजा भाड्यापाशी वाचन संपलं. पुढच्या कार्डावरही तसंच झालं तर त्याच्या नावापुढे खूण करा.

चाचणीनंतर प्रत्येक बाबीसमोर मोजा: किती जणांनी ती तोंडाने उच्चारली? तीसपैकी पाचच जणांनी उच्चारली असेल, तर पातळ्या वाढवा, शब्द बदला किंवा ती बाब काढून टाका. मग आणखी दहा जणांवर पुन्हा पाहा.

जागा आणि दिवस यांनाही इथे फार महत्त्व आहे. मोर भवन बसस्थानकासमोर घाईत उभ्या माणसाला आठ कार्डं दाखवली, तर तिसऱ्या कार्डावर त्याची बस येते आणि उरलेल्या पाचांवर तो एकाच रकान्यात टिक करून निघून जातो. शक्य असेल तर घरी, ऑफिसात किंवा कॉलेजात बसवून घ्या. मेट्रो स्थानकाच्या आवारात किंवा बसस्थानकात परवानगी घेतल्याशिवाय उभे राहू नका.

मे महिन्यात दुपारी सीताबर्डीत शेडबद्दल विचाराल तर शेडच जिंकेल, डिसेंबरच्या सकाळी तिच्याकडे कुणी पाहणार नाही. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण एकाच तक्त्यात तारीख न लिहिता मिसळली तर निरर्थक होतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे आणि वळवलेले रस्ते यांमुळे वेळेचा अंदाजच बिघडतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोटणाऱ्या गर्दीच्या दिवसांतही रोजच्या प्रवासाचे प्रश्न विचारू नका.

## टप्पा ६: दुर्लक्षाबद्दल कसं विचारायचं

आठही कार्डं संपल्यावर विचारा, मध्ये नको. प्रत्येक कार्डानंतर विचारलं तर नेमकी माहिती मिळते हे खरं, पण दुसऱ्या कार्डापासून माणूस सगळ्या ओळी पाहिल्याचं दाखवू लागतो आणि कंटाळतोही. फार तर दहातल्या एका माणसाला कार्डागणिक विचारा आणि ती उत्तरं वेगळी ठेवा.

‘तुम्ही शेडकडे दुर्लक्ष केलं का?’ असं विचारू नका. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं आणि माणूस ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी:

‘कार्डावर पाच गोष्टी होत्या. बरेच जण सगळ्याच पाहत नाहीत, आणि त्यात काही चूक नाही. तुम्ही शेडची ओळ नेहमी पाहिली, कधी कधी पाहिली, की पाहिलीच नाही?’

‘पाहिलीच नाही’ म्हटलं तर लगेच: ‘का बरं?’ उत्तर जसंच्या तसं लिहा आणि मग टप्पा १ मधल्या यादीचा क्रमांक टाका. ‘कधी कधी’ हा मधला पर्याय सोडू नका. हो-नाही विचारलं की कमी लक्ष देणारे आणि अजिबात न देणारे एकाच डब्यात जातात. स्वीडनमधल्या पर्यावरणविषयक एका अभ्यासात (२०१०) हेच दिसलं होतं: दुर्लक्ष केल्याचं सांगणाऱ्यांचं त्या बाबीला दिलेलं वजन कमी होतं, पण शून्य नव्हतं.

यासोबत तीन गोष्टी नोंदवा: प्रत्येक कार्डाला लागलेले सेकंद, ओळींचा क्रम, आणि भाडं कोण भरतं (स्वतः, पास, कंपनी, घरचे). शेवटचा प्रश्न न विचारल्याचा पश्चात्ताप मी स्वतः केला आहे. एका सर्वेक्षणात भाडं न पाहणाऱ्यांचा मोठा गट निघाला आणि त्यांपैकी पासधारक किती हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

थांबा: मुलाखत घेणाऱ्याने ‘हे शेडचंही बघा हं’ असं मध्येच सांगितलं तर ती मुलाखत बाद. प्रशिक्षणात हे दोनदा करून दाखवा, कारण मदत करण्याच्या भावनेतूनच हे घडतं.

## टप्पा ७: विश्लेषण

आधी सगळ्यांनी सगळं पाहिलं असं धरून साधं लॉजिट मॉडेल चालवा. लोकांच्या निवडींवरून प्रत्येक बाबीचं वजन, म्हणजे गुणांक, काढण्याची ही सांख्यिकी पद्धत. हे तुमचं तुलनेचं मॉडेल.

दुर्लक्षाने काय बिघडतं ते आकड्यांत पाहा. समजा भाडं पाहणाऱ्यांचा गुणांक दर रुपयाला उणे ०.१०, आणि वेळेचा दर मिनिटाला उणे ०.०५. एका मिनिटाची किंमत ०.०५ ÷ ०.१० म्हणजे ५० पैसे, तासाला ३० रुपये. आता दहातले चार जण भाडं पाहतच नाहीत. सगळे एकत्र केले की भाड्याचा गुणांक ढोबळमानाने उणे ०.०६ वर येतो. मिनिटाची किंमत ८३ पैसे, तासाला ५० रुपये होते. कुणाच्याही वेळेची किंमत वाढलेली नसताना अहवालात ती दीडपटीहून जास्त दिसते, आणि पुढे कुणी त्यावर भाडेवाढ सुचवतो.

आता दुरुस्तीकडे. क्रम हाच ठेवा.

७.१ सांगितलेलं तपासा. २००५ मध्ये हेन्शर, रोझ आणि ग्रीन यांनी उत्तर देणाऱ्यांनी सांगितलेल्या दुर्लक्षाचा पैसे देण्याच्या तयारीच्या अंदाजावर होणारा परिणाम दाखवला. तेव्हापासून पुष्कळ जण ‘पाहिलीच नाही’ म्हणणाऱ्यांचा गुणांक थेट शून्य करतात. तसं करू नका. त्या बाबीला तीन वेगळे गुणांक द्या: नेहमी पाहिलेल्यांचा, कधी कधी पाहिलेल्यांचा, न पाहिलेल्यांचा. तिसरा गुणांक शून्याच्या आसपास आला आणि त्यांनी दिलेलं कारण यादीतलं पहिलं असेल, तेव्हाच शून्य धरा. तो स्पष्टपणे शून्यापासून दूर असेल, तर लोकांनी सांगितलं एक आणि केलं एक. गुणांक तसाच राहू द्या.

७.२ निवडींवरून ओळखा. लेटंट क्लास मॉडेलमध्ये माणसांचे अदृश्य वर्ग धरले जातात. एका वर्गाने सगळ्या बाबी पाहिल्या, दुसऱ्याने भाडं सोडलं, असं. पाहिलेल्या बाबीचा गुणांक सर्व वर्गांत तोच ठेवतात आणि सोडलेल्याचा शून्य. पाच बाबींसाठी असे २ चा पाचवा घात, म्हणजे ३२ वर्ग होतात. दोनशे माणसांत ३२ वर्ग शोधणं व्यर्थ आहे. चाचणीत जे दिसले तेवढेच घ्या: सगळं पाहिलेले, भाडं सोडलेले, शेड सोडलेले, फक्त भाडं पाहिलेले, आणि काहीच न पाहता टिक केलेले. ‘आर’ या संगणक-भाषेतलं अपोलो किंवा पायथनमधलं बायोजीम हे सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. मॉडेल निदान दहा-वीस वेगवेगळ्या सुरुवातीच्या आकड्यांवरून चालवा. एकदाच चालवलेलं लेटंट क्लास मॉडेल सर्वांत चांगल्या उत्तरापर्यंत न पोचता मधल्याच एखाद्या उंचवट्यावर अडकून पडू शकतं आणि आपल्याला ते कळतही नाही.

७.३ ‘थोडंच महत्त्वाचं’ आणि ‘अजिबात नाही’ यांची गल्लत काढा. ही सर्वांत सामान्य चूक. शेडला थोडंसं वजन देणारे लोकही मॉडेल शून्याच्या वर्गात ढकलतं, कारण त्यांना जायला दुसरी जागाच नसते. म्हणून पाहिलेल्यांच्या वर्गात गुणांक माणसागणिक बदलू द्या आणि पुन्हा चालवा. शेड सोडणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं, तर ते लोक शेड सोडत नव्हते, तिला कमी मानत होते.

७.४ दोन्ही समोरासमोर ठेवा. प्रत्येक माणसाने सांगितलेलं उत्तर आणि मॉडेलने त्याला दिलेली वर्गाची शक्यता यांचा तक्ता करा. जुळतात तिथे पुढे जा. जुळत नाहीत तिथे कार्डांचे सेकंद, ओळींचा क्रम आणि ‘का बरं’चं उत्तर वाचा. शेड सोडणारे बहुतेक ती ओळ तळाशी मिळालेले निघाले, तर दोष मांडणीचा आहे.

थांबा: काही सॉफ्टवेअरांत दुर्लक्षित बाबीसाठी उणे ८८८ हा संकेत टाकतात, एनलॉजिट तो ओळखतं. तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर भाडं उणे ८८८ रुपये असं वाचलं जातं. विचित्र निकाल आला की आधी ही जागा पाहा.

## टप्पा ८: अहवालात काय लिहायचं

भाडं खरोखरच न पाहणाऱ्यांसाठी ‘किती पैसे देतील’ हा आकडा काढू नका. भागाकारात खाली शून्य येतं, मग निघेल तो आकडा अर्थहीन असतो. भाडं पाहणाऱ्यांसाठी आकडा द्या, आणि न पाहणारे किती टक्के व त्यांची कारणं कोणती हे शेजारच्या रकान्यात द्या. पासधारकांचा पाहणाऱ्यांइतकाच आकडा धरून सरासरी काढायची असेल, तर तसं धरल्याचं त्याच ओळीत लिहा.

तुलनेच्या मॉडेलचा आणि दुरुस्त मॉडेलचा निकाल शेजारी शेजारी छापा, बरा दिसणारा एकच नको. ज्या बाबीत दोन्हींमधला फरक मोठा आहे, तिच्याबद्दल शिफारस करताना ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा द्या, एक आकडा देऊ नका. शेवटी सर्व २४ कार्डं, दोन्ही भाषांत, प्रवाशाने पाहिली त्याच आकारात जोडा, आणि मुलाखती कोणत्या तारखांना, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कुठे झाल्या हे त्यांच्या खाली लिहा.